एक्केचाळीस घरं, दोन मासे

वैनगंगेपलीकडच्या एका जंगलगावात मी एकदा एक्केचाळीस घरी जाऊन विचारलं, "तुम्हाला दिवसाला साधारण किती मासे मिळतात?" एक्केचाळीस घरांनी सांगितलं, "दोन." आणि मी ते लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं असतं तर एक वेळ ठीक होतं. मी खाली रेघ मारली, बेरीज केली, सरासरी काढली. सरासरीही दोनच आली, तेव्हा माझी मान ताठ झाली. "उत्तरांत इतकी एकवाक्यता क्वचितच आढळते," असं मी समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं. ती वही अजून माझ्या पेटीत आहे. नातवंडांनी मागितली की मी पेटीची किल्ली हरवल्याचं सांगते.

नागपूरच्या एखाद्या वकिलाच्या मुलीनं ही चूक केली असती तर तिला ती माफ होती. मी ढिवराची पोर. पाळण्यात होते तेव्हा माझ्या डोक्यावर जाळं वाळत असे. म्हणून सांगते, असा मूर्खपणा करायला फार शिकावं लागतं.

निघण्याआधी

आमचं गाव नागभीडजवळ, तलावाच्या पाळीखाली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, नागपूर राजधानी होतं आणि गडचिरोली चांद्यातच मोडायची. साल नेमकं सांगत नाही. सांगितलं की घरातली मंडळी बोटांवर माझं वय मोजू लागतात.

बाबा तलावावर जाळं टाकायचे, आई जाळी विणायची आणि बाबांची थोरली बहीण, माझी काशीआत्या, डोक्यावर टोपलं घेऊन पाच गावांत मासे विकायची. घरात कुणाला सही येत नव्हती. एका हट्टी गुरुजींमुळे मी चौथीच्या पुढे गेले आणि मग थांबायचं कुठं हे कुणाला ठाऊक नसल्यामुळे पुढेच जात राहिले. एम. ए.पर्यंत पोचले तेव्हा गावातल्या बाया आईला विचारायच्या, "तुमची गिरजा अजून शिकूनच राह्यली का? पास नाई होऊन राह्यली वाटते."

आई माझी बाजू घ्यायची. "होते ना पास. पन मास्तर सोडतच नाई तिले."

मला कॉलेजात प्राध्यापक व्हायचंय, असं मी घरी सांगितलं त्या दिवशी आईनं जाळ्याची गाठ अर्धी सोडून माझ्याकडे पाहिलं. "मंजे एवढं शिकून परत शाळेतच जाचं?"

"शाळा नाही आई, कॉलेज. मी शिकवणार."

"तिथीच राहाचं होतं त एवढी घाई करून पास कायले झाली?"

पुढे निवृत्त होईपर्यंत मी हा प्रश्न रोज वर्गात घेऊन जात होते.

आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं की, पावसाळ्यात विभागात एक जागा निघणार आहे. "तुमचा प्रबंध स्वतः गोळा केलेल्या माहितीवर उभा राहिला तर मी तुमचं नाव पुढे करीन. जंगलभागातल्या मासेमारीवर कुणी काही लिहिलेलं नाही. जा तिकडे." दुसरीकडून बाबांनीही एका स्थळाला सांगून ठेवलं होतं, "आखाडीच्या पुनवेपर्यंत थांबा." म्हणजे प्रबंध उतरला तर नागपूर, नाही उतरला तर पलीकडच्या तलावाच्या पाळीवर दुसरं घर, दुसरी जाळी. माझ्या पुढ्यात एवढाच हिशेब होता.

आता एखादा शहाणा विचारील, बाई, तुझ्या दारातच तलाव होता, मग नदी ओलांडून कुठं निघालीस? त्याचं कारण लाजिरवाणं आहे. वसतिगृहात मैत्रिणींनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं होतं, "पाण्याच्या खात्यात आहेत." ताटात मासे आले की मी नाक उडवायला शिकले होते. अशा मुलीनं आपल्याच तलावावर प्रबंध लिहिला असता तर खातं उघडकीला आलं असतं.

एकटीला सोडायला बाबा तयार नव्हते. म्हणून सोबतीला काशीआत्या.

छोट्या गाडीत

नागभीडहून ब्रह्मपुरीला छोट्या लाईनीची गाडी जायची. तिचा वेग असा की खाली उतरून बोरं तोडावीत आणि पुन्हा चढावं. माझ्याजवळ छत्री, झाकणाचं पेन, सायक्लोस्टाईल केलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि उंच टाचांच्या नव्या चपला. आत्याजवळ एक गाठोडं. त्यात लुगडं आणि सुकवलेले झिंगे. झिंग्यांचा वास डब्यात सगळ्यांची विचारपूस करून आला. मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले, जणू त्या वासाशी माझी ओळखच नव्हती.

थोड्या वेळानं मी हळूच म्हटलं, "आत्या, तिकडे आपण ढीवर आहोत हे सांगायचं नाही."

"काऊन? चोरी केली का आपन?"

"तसं नाही गं. अभ्यास करणाऱ्यानं लोकांपासून अंतर ठेवायचं असतं. त्याला तटस्थता म्हणतात."

"म्हंतेत का," आत्या म्हणाली. तिनं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, सावकाश मळली. "मंग तिथी तू कोन?"

"कॉलेजची बाई."

"अन् मी?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "माझ्या सोबतीची."

आत्यानं तंबाखू ओठात ठेवली आणि हातातला भुसा खिडकीबाहेर झटकला. "बरं, बाईसाहेब."

पुढचे बारा दिवस तिनं मला दुसऱ्या कोणत्याही नावानं हाक मारली नाही.

नदी

ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं वैनगंगेला आलो. फाल्गुन संपत आला होता, नदी बरीचशी वाळूच होती. पांढऱ्या वाळूत पाऊण मैल चालल्यावर कुठं पाण्याची धार, आणि धारेत डोंगा. नदीकाठी लोकांनी वाळूत टरबुजाचे वेल लावले होते आणि प्रत्येक वाडीत पळसाच्या पानांची खोपी होती. आमच्याकडे तलावाच्या पोटात पाणी हटलं की धान लावतात, इथे नदीच्या पोटात टरबूज. माणूस पाण्याची पाठ फिरायचीच वाट पाहत असतो.

पलीकडे उतरताना नागपूरच्या चपलेनं घात केला. टाच चिखलात रुतली, पाय निघाला, चप्पल राहिली, आणि पुढच्या क्षणी ती सुटून धारेला लागली. मी "अरे, अरे" करत छत्री हलवत उभी. आत्या मांडीएवढ्या पाण्यात शिरली, पदर पसरून वाकली आणि एका झोकात चप्पल उचलून आणली. तशीच ओलीचिंब माझ्यापुढे धरली.

"घ्या, बाईसाहेब. पह्यला मासा."

डोंगेवाला टक लावून पाहत होता. "बाई पान्यातली दिसते तुमची," तो मला म्हणाला.

"नाई जी," आत्याच उत्तरली, "मी नुसती सोबतीची."

त्या चपला मी गाठोड्यात टाकल्या. झिंग्यांच्या शेजारी. पुढे नागपूरला त्या घालून वर्गात शिरले की पहिल्या बाकावरच्या मुली नाक मुरडायच्या, पण ते नंतरचं.

गडचिरोलीच्या पुढे

आरमोरीहून सर्व्हिस मोटार मिळाली. गडचिरोलीहून मात्र गाडीवाट, आणि मग साजा-सागाचं जंगल. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. पहाटेपासून बाया आपापल्या झाडाखाली झाडलोट करून बसलेल्या. पिवळसर फुलं टपटप पडायची आणि गोड, आंबूस वास गाडीच्या चाकांनाही चिकटायचा. जंगल सरकारी, पण प्रत्येक झाड कुणा ना कुणा घराचं. एकीच्या झाडाखालचं फूल दुसरी उचलत नाही. आमच्या गावात एका जांभळीवरून दोन सख्खे भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते.

गाडीवानाला मी विचारलं, "कोणतं झाड कोणाचं, हे लिहून ठेवलेलं असतं का?"

"नाई."

"मग कळतं कसं?"

"ज्याचं आहे त्याले माहीत आहे, बाई."

"आणि दुसऱ्याला?"

"त्याले बी माहीत आहे का ते त्याचं नोहे."

मी वहीत लिहिलं: "मालकीची नोंद ठेवण्याची पद्धत नाही." आत्यानं वाकून विचारलं, काय लिहिलं? वाचून दाखवलं. ती गाडीवानाला म्हणाली, "लिहू दे ना, भाऊ. आमच्या बाईसाहेब लिहिल्याबिगर कोनतं झाड वळखत नाईत."

पुढे त्यानं मोहाखाली अस्वलाची पावलं दाखवली. अस्वल बायांच्या आधी येऊन फुलं खाऊन जातं म्हणे. "राग येत नाही का?" मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्या आजाच्या आधीपासून येऊन राह्यलं ते. आता त्याले कोन सांगनार?" हे मी लिहिलं नाही. अस्वलासाठी प्रश्नावलीत रकाना नव्हता.

तलावाचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. त्यांचे मासे एकदा उघड्यावर आणून झाले, तेवढं पुरे.

तलाव मोठा, तिन्ही बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला मातीची पाळ आणि पाळीखाली घरं. आम्ही उतरलो दाजीभाऊंच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत. दाजीभाऊ तलावावरच्या मंडळींचे कारभारी. उंच, हळू बोलणारे, हसू आलं की मिशी खाजवणारे. त्यांची म्हातारी आई सोनाबाई दिवसभर उंबऱ्याशी बसून सगळ्या गावाची ये-जा पाहायची. आल्याबरोबर तिनं आमच्या पायांवर लोटाभर पाणी घातलं. माझे पाय पाहून म्हणाली, "नरम आहेत." आत्याचे पाय पाहून काहीच म्हणाली नाही, फक्त एकदा आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आत्यानं दुसरीकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. खांद्यावर पिशवी, हातात पेन, मागे आत्या. प्रश्न चौदावा: दैनंदिन सरासरी मासे.

"किती मिळतात?"

"दोन."

"रोज?"

"हो जी. दोन."

पुढचं घर. "दोन." त्याच्या पुढचं. घरधन्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं चुलीकडे. "दोनच भेटते बाई." एकानं तर "दोन" म्हणून वर सुस्कारा टाकला, तेव्हा मी सहानुभूतीनं मान हलवली.

आणि प्रत्येक घरी जेवण. नाही म्हणायची सोय नव्हती. वसतिगृहातलं नाक उडवणं दुसऱ्याच घरी गळून पडलं. वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, घालून केलेली मरळीची भाजी. आमच्याकडे माशात अंबाडी पडते. इथे वास्त्यांचा उग्र आंबटपणा, आणि वर चुलीवर भाजलेल्या वामीचे तुकडे. हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेले बारके मासे, काट्यासकट खायचे. भात पळसाच्या पत्रावळीवर डोंगरासारखा. एका घरी तर, खोटं कशाला सांगू, मी मरळीचा तिसरा तुकडा चावत डाव्या हातानं कागद दाबून उजव्या हाताच्या कोरड्या दोन बोटांनी लिहिलं: दोन.

कुणी म्हणेल, पत्रावळीवर पाच मासे दिसत असताना तुला शंका आली नाही? नाही आली. पत्रावळीवरचे मासे हे जेवण होतं. कागदावरचे मासे ही माहिती होती. दोघांची गाठ घालून द्यावी असं मला सोळा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी सपरीत बसून निष्कर्ष लिहिला आणि मोठ्या ऐटीत आत्याला वाचून दाखवला: "येथील मासेमारीची साधने मागासलेली असून उत्पन्न अत्यल्प आहे."

"मंजे का?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे यांना मासे धरता येत नाहीत."

आत्यानं तोंडातली तंबाखू बाहेर थुंकली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लिहा, बाईसाहेब. चांगल्या अक्षरात लिहा."

पाळीवरचे वाटे

निघायच्या आदल्या दिवशी तलाव सुटला. पाणी आटत आलं की गावानं एक दिवस ठरवायचा, पाळीवरच्या देवाला नारळ फोडायचा आणि सगळ्या घरांनी एकदमच पाण्यात उतरायचं, अशी तिथली रीत. त्या दिवशी जाळं कुणाचंही असो, मासा गावाचा.

सकाळी पाहते तो पुरुष ओळीनं जाळी ओढत होते, बाया कमरेएवढ्या पाण्यात टोपल्या दाबत होत्या, आरडाओरडा, हशा, आणि गढूळ पाण्यात चांदीसारखं काही उसळत होतं. आत्या पाळीवर माझ्या शेजारी उभी. तिचे हात आपोआप हलत होते. पाण्यातली एखादी टोपलीचा काठ सैल सोडायची तेव्हा आत्या दातांतल्या दातांत पुटपुटायची, "दाब ना, दाब." तिला उतरायचं होतं. माझ्या तटस्थतेपायी ती कोरडी उभी होती.

उन्हं चढली तसे मासे वर आले. पाळीवर पळसाची पानं अंथरली होती, त्यावर वाटे पडू लागले. हे वाटे पाहण्यासारखे होते. तराजू नाही, माप नाही. दोन म्हाताऱ्या हातानंच वाटे लावत होत्या. इकडून एक मरळ उचल, तिकडे दोन शिंगी टाक, मागे सरून पाहा, पुन्हा एक हलव. सगळे वाटे डोळ्याला सारखे दिसेपर्यंत हे चाललं. मग दाजीभाऊ वाट्यांकडे पाठ करून तलावाकडे तोंड करून उभे राहणार. मागून कुणी एका वाट्यावर काठी ठेवून विचारणार, "हा कोनाचा?" आणि दाजीभाऊ न पाहता एका घराचं नाव घेणार. कुणाचा वाटा मोठा, कुणाचा लहान, असं म्हणायला जागाच नाही.

मी ते सगळे मासे पाहून भारावले होते. दोन म्हणणाऱ्या एक्केचाळीस घरांचा तलाव हा! आता खरा आकडा हाती लागणार, या आनंदात मी पहिल्या वाट्याजवळ उकिडवी बसले आणि वर्गात पाढे म्हणतात तशा खणखणीत आवाजात, छत्रीच्या टोकानं एकेक मासा दाखवत सुरुवात केली, "एक, दोन, तीन, चार..."

सातला हशा थांबला. नऊला बोलणं थांबलं. अकराला मी मान वर केली. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. एका बाईनं पुढे होऊन तिच्याजवळच्या वाट्यावर घाईघाईनं पानं झाकली.

दाजीभाऊ जवळ आले. आवाज चढवला नाही. मिशीही खाजवली नाही. "बाई, तुमच्याकडे पान्यातून काढला मासा मोजतेत का?"

मी उठले. आणि उठता उठता मला माझे बाबा दिसले. डोक्यावर गच्च टोपलं, टोपल्यातून मानेवर पाणी ठिबकतंय, टोपल्याच्या काठावरून एका मरळीची शेपटी बाहेर हलतेय, आणि रस्त्यात कुणीतरी विचारतं, "किती भेटले?" बाबा न थांबता म्हणतात, "दोनच." मी त्यांच्या मागे, हातात चिमणी जाळी. मी हे शंभरदा ऐकलं होतं. पण ते रस्त्यावर विचारलेलं होतं. छापील कागदावर विचारलं की माणसं खरं बोलतात, असा माझा शिकलेला समज. मी एक्केचाळीस घरी जाऊन एक्केचाळीस बाबांना विचारून आले होते.

मी छत्री पाठीमागे लपवली. सोनाबाईनं काठीनं त्या वाट्याकडे दाखवलं. "मोजला वाटा कोन घेईन आता? याले त नजर लागली."

कुणीच पुढे आलं नाही. मासे उन्हात होते. सगळे वाटे पुन्हा एकत्र करून नव्यानं लावायची वेळ माझ्यामुळे आली होती आणि लोक, पाहुणी म्हणून, मला काही बोलतही नव्हते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा आत्या पुढे झाली. बारा दिवसांत पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली.

"तो वाटा आमच्या गिरजेचा आहे जी. हे कोनी बाईसाहेब नोहे. माह्या भावाची पोरगी होय. ढिवराची पोर. शिकता शिकता इसरली बिचारी, याद करून देतो मी."

मग दाजीभाऊंचा हात मिशीकडे गेला. सोनाबाई आत्याला म्हणाली, "तुहे पाय पाह्यले तवाच समजलो होतो मी. म्हनलं, पाहू, कवा सांगते त."

आणि सगळी पाळ हसली. मी जन्मात इतकी माणसं एकदम हसताना पाहिली नाहीत. पाण्यातली पोरं काठाला येऊन विचारू लागली काय झालं, त्यांना सांगितलं, ती हसली. मला वाटलं आता संपलं. पण सोनाबाई काठी टेकत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या पायाशी अकरा मोजलेले आणि कितीतरी न मोजलेले मासे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "तुम्ही" सोडून देऊन रस्त्यावरच्या माणसासारखं विचारलं, "किती भेटले वो बाई तुले?"

मी म्हटलं, "दोनच."

त्यानंतर आत्याला कुणी पाळीवर उभं राहू दिलं नाही. आणि मलाही. माझ्या नागपुरी पातळाचा तलावानं जो रंग केला तो शेवटपर्यंत गेला नाही.

संध्याकाळी वाटा साफ करताना मी आत्याला विचारलं, "पहिल्याच घरी का नाही सांगितलंस?"

"तूच म्हनली होती ना, तटस्थ राहा म्हनून?"

"पण दोनच का गं? एक का नाही, तीन का नाही?"

"एक म्हनलं त खोटं वाटते. तीन म्हनलं त मानूस टोपल्यात वाकून पाह्यते." तिनं मरळीचे खवले झटकले. "दोन म्हनलं का आपल्या रस्त्यानं निघून जाते."

जाण्यापूर्वी मी दाजीभाऊंना एकटं गाठून विनवलं. आता मी घरचीच, कागदावर लिहिणारही नाही, पण खरंच सांगा, किती मिळतात? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "दोन."

परत

नागपूरला येऊन मी आठ दिवस त्या तक्त्यापुढे बसले. तक्ता सुबक होता. सरांना आवडला असता. जागा मिळाली असती आणि पाण्याचं खातंही शाबूत राहिलं असतं. शेवटी मी निष्कर्षाचं पान फाडलं आणि नवं प्रकरण लिहिलं: या भागात माशांचा आकडा विचारून मिळत नाही, आणि का मिळत नाही.

सरांनी वाचलं, चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? आधार काय?"

"माझे वडील ढीवर आहेत, सर. मी त्यांच्या टोपल्यामागून चालत मोठी झाले."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ते तळटिपेत घाला." आणि मी घातलं. आमच्या घराण्याचं नाव छापील नसलं तरी टंकलिखित झालं ते असं, पानाच्या तळाशी.

आखाडीच्या आठ दिवस आधी मला नेमणुकीचं पत्र आलं. ते घेऊन मी गावी गेले. बाबा नागभीडच्या स्टेशनावर आले होते. पत्र मी वाचून दाखवलं, त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिलं. स्थळाला त्यांनी परस्पर नकार कळवून टाकला होता, हे मला महिनाभरानं आत्याकडून कळलं.

पाळीवरून घराकडे चालताना समोरून गावचे पाटील आले. बाबांना म्हणाले, "का रे, लेक आली वाटते नागपुराहून. लई शिकली म्हंतेत. किती शिकली?"

बाबा न थांबता म्हणाले, "कायची जी. दोन बुकं शिकली."

पाटील गेले. मला असा संताप आला की पाळीवरच उभी राहिले. सोळा वर्षं! रात्रंदिवस डोळे फोडले, उभ्या घराण्यात पहिली, हातात सरकारी शिक्क्याचं पत्र, आणि दोन बुकं? "बाबा," मी ओरडलेच, "खरं सांगायला तुमचं काय जात होतं?"

बाबा थांबले. मागे वळून पाटील लांब गेल्याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "रिकामं टोपलं असतं त खरं सांगतलं असतं, बाई."